कपबशीचा कान

वाचकांनी यंदाच्या दिवाळीत एक गंमत करून पाहावी. फराळ आटोपला, पाहुणे जरा सैलावून बसले, म्हणजे प्रत्येकाच्या हाती एक कागद आणि पेन्सिल द्यावी आणि सांगावे, 'समोरची कपबशी काढा. पण रेघा सातच हव्यात.' पहिली दोन मिनिटे हसण्याखिदळण्यात जातील. मग सगळे गप्प होतील. ज्यांना चित्रकला येते ते सर्वांच्या आधी अडतील, कारण त्यांना कपावरचे फूल, काठाची सोनेरी रेघ, चहावरची वाफ असे सारेच दिसत असते आणि सात रेघांत ते काही मावत नाही. घरातले शाळकरी पोर मात्र एक अर्धा गोल, त्यावर आडवी रेघ, खाली पसरट बशी आणि बाजूला कान असे काढून मोकळे होईल आणि चकलीकडे वळेल.

घरात हा खेळ झाला. पण आपल्या देशात हाच खेळ गेली सत्तराहून अधिक वर्षे सरकारी काम म्हणून, अत्यंत गंभीरपणे चालू आहे. रोजच्या वापरातली वस्तू घ्यायची, तिच्यातले नको ते सारे गाळायचे आणि चार रेघांत ती अशी उभी करायची की अक्षरओळख नसलेल्या माणसानेही ती क्षणात ओळखावी. या खेळाचे नाव निवडणूक-चिन्ह.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९५१-५२ साली. मतदार सतरा कोटींच्या वर, आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठरा! या लोकांना उमेदवाराचे नाव वाचायला कसे सांगायचे? पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा हा प्रश्न साधासुधा नव्हता. तोडगा निघाला तो असा : प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आपल्या चिन्हाच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची, की झाले. पेट्या लागल्या लाखांनी. त्यांतल्या कितीतरी आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, कम्युनिस्टांचे विळा-कणीस, जनसंघाचा दिवा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती ही सारी मंडळी त्या पेट्यांवर बसून खेडोपाडी गेली. आपल्याकडे शेतकरी कामगार पक्षाचा खटारा पुढे इतका ओळखीचा झाला की पक्षाचे लांबलचक नाव घ्यायची गरजच उरली नाही.

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वेगवेगळ्या पेट्या गेल्या आणि एकाच मतपत्रिकेवर सगळ्यांची नावे नि चिन्हे छापून त्यांवर शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र आली. हा बदल दिसायला कारभाराचा. चित्राच्या दृष्टीने मात्र फार मोठा. पेटीवरचे चित्र एकटे असे. कागदावर ते इतर चित्रांच्या पंगतीत येऊन बसले, लहान झाले, एकाच शाईत छापले जाऊ लागले. आता चिन्ह नुसते ओळखता येऊन भागेना. ते शेजारच्या चिन्हाहून वेगळेही दिसायला हवे होते. मतदानयंत्र आले, २००४ च्या लोकसभेला ते देशभर वापरले गेले, तरी ही अट तशीच राहिली. निळ्या बटणाशेजारी आजही तेवढेच लहानसे चित्र असते.

ही चित्रे काढी कोण? निवडणूक आयोगाच्या कचेरीत एम. एस. सेठी नावाचे एक ड्राफ्ट्समन होते. साध्या पेन्सिलीने ते कागदावर वस्तू उतरवीत. कचेरीतली मंडळी एकत्र बसत, सामान्य माणसाच्या घरात, शेतात, रस्त्यावर काय काय असते ते आठवीत, आणि मग सेठी ते काढीत. १९९२ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दुसरा चित्रकार नेमला गेला नाही. आयोगाच्या यादीत पुढे नव्या वस्तूंची भर पडली. लॅपटॉप, माउस, पेन ड्राइव्ह, सीसीटीव्ही कॅमेरासुद्धा आले. पण पंखा, शिलाईचे यंत्र, छत्री असली जुनी मंडळी अजून सेठींच्याच रेघांत वावरताहेत. ज्याच्या चित्रांवर कोट्यवधी बोटे पडली असा दुसरा चित्रकार दाखवता येईल का, मला शंका आहे. आणि त्याचे नाव मात्र शंभरात एकालाही ठाऊक नसते.

या कामात खरी अडचण रेघ मारण्यात नसते, ती कुठून पाहायचे हे ठरवण्यात असते. हे मला कळले ते मात्र दिल्लीच्या कचेरीवरून नव्हे, निघोज्याच्या एका विद्यार्थ्याकडून.

निघोजे हे खेड तालुक्यातले, इंद्रायणीच्या काठचे गाव, नदीपलीकडे तळवडे. इथल्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडला पाणी जाते आणि इथल्या माळावरून मोटारी देशभर जातात. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतले महिंद्रांचे आणि फोक्सवॅगनचे मोठे कारखाने याच शिवारात नि त्याच्या शेजारात उभे आहेत. एका सुट्या भागाच्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा कॉलेजला येणारा माझा एक विद्यार्थी आहे. एकदा तासानंतर त्याने मला यंत्राच्या एका भागाचा ड्रॉइंगचा कागद दाखवला. त्यावर एकाच वस्तूची तीन चित्रे होती. मी म्हटले, 'हे तीन वेगळे भाग का रे?'

'नाही सर, एकच आहे. हा समोरून, हा वरून, हा बाजूनं. एका चित्रात वस्तू सगळी सापडत नाही ना!'

कागदाच्या कोपऱ्यात आडवी पडलेली बादली आणि तिच्याशेजारी एकात एक दोन गोल असे चिमुकले चित्र होते. ही चित्रे कोणत्या पद्धतीने मांडली आहेत हे त्या खुणेवरून कळते, असे त्याने मला समजावून दिले. माझ्या पगाराची मला किंचित लाज वाटली. पण त्याचे ते वाक्य डोक्यात घर करून बसले. कारखान्याचा कारागीर एका वस्तूची तीन चित्रे मागतो. मतदाराला मिळते एकच. तेव्हा त्या एका चित्रासाठी तिघांतली कोणती बाजू घ्यायची?

कपबशी वरून काढा; दोन गोल होतील. ते चाक असेल, ताट असेल, ग्रामोफोनची तबकडीही असेल. कानाच्या बरोबर समोर उभे राहून काढा. कान लपेल आणि कपाची वाटी होईल. बाजूने काढली तरच ती कपबशी. छत्रीही बाजूनेच हवी, वरून ती नुसती चकती. कात्री मात्र बाजूने पाहिली तर एक पट्टी. ती वरूनच पाहायला हवी. छताचा पंखा खालून पाहावा, कारण आपण जन्मभर त्याला खालूनच पाहिलेले असते. वस्तूची 'खरी' बाजू अशी काही नसतेच. माणसाचा नि तिचा संबंध जिथून येतो ती तिची खरी बाजू. आयोगाच्या काही चित्रांत थोडी छाया असते, थोडी खोली असते. पण गावातला रंगारी तेच चिन्ह भिंतीवर उतरवतो तेव्हा छाया पुसून टाकतो, खोली चपटी करतो आणि फक्त ही बाजू ठेवतो.

कधी कधी तीही ठेवत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हांवर होत नाही. उमेदवारांना मुक्त चिन्हांच्या यादीतली कपबशी, छत्री, नारळ, रिक्षा अशी घरगुती चिन्हे मिळतात आणि काही दिवस गावच्या भिंतींवर भांड्याकुंड्यांचे दुकान मांडले जाते. अशाच दिवसांत निघोज्याच्या एका गल्लीत एक पोरगा घाईघाईने कपबशी रंगवीत होता. शेजारच्या ओट्यावर एक आजीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. बराच वेळ त्या बघत राहिल्या नि मग म्हणाल्या,

'आरं पोरा, ह्याला कान कुठंय? ही तर वाटी काढली तू!'

'आजी, काढतो की अजून.'

'आदी कान काढ, मंग फुलं काढ. वाटीला कोन मत दील?'

पोराने आधी बशीवर वेलबुट्टी काढून घेतली होती! चित्रकलेच्या शाळेत जे शिकवायला एक सत्र लागेल ते आजींनी लसूण सोलता सोलता सांगितले. गाळता येण्याजोगे नि न गाळता येण्याजोगे यांतला भेद हाच. फूल गेले तरी कप राहतो. कान गेला की कप जातो. प्रत्येक वस्तूला असा एक कान असतो. छत्रीचा आकडा, किटलीची तोटी, शिट्टीचे तोंड, कुलपाची कडी. तो ज्याला सापडला त्याला साधे चित्र जमले.

आणि आजींना हे कुणी शिकवले म्हणाल, तर त्यांच्या आईने. चैत्रांगणाची रांगोळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात आपल्या बायका चैत्रात फणी, करंडा, आरसा, पाळणा, तुळशीवृंदावन, शंख, गोपद्मे असे सारे घर आणि देवघर चिमटीतल्या पांढऱ्या पुडीने मांडीत आल्या. चिमटीतून पडणारी पूड छाया दाखवू शकत नाही आणि खोडताही येत नाही. तेव्हा वस्तूचा गाभा आधी मनात पक्का हवा. तिकडे डहाणूच्या बाजूला वारल्यांनी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा केला; जिव्या सोमा मशे यांनी तो जगभर नेला आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. युरोपात १९२५ च्या सुमारास व्हिएन्नाच्या ऑटो नॉयराथ यांनी सामान्य माणसाला आकडे कळावेत म्हणून ठोकळेबाज चित्रांची एक भाषाच तयार केली, गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने तिच्यासाठी हजारो आकृती कोरल्या. आणि १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये जपान्यांनी नाना देशांच्या पाहुण्यांना अशाच चित्रांनी वाट दाखवली. त्यांचे कौतुक करावेच. पण अंगणातली फणी त्यांच्या कितीतरी आधीची आहे, हेही विसरू नये.

आतापर्यंत मी चित्राबद्दल बोललो. पण मराठीच्या मास्तराला खरी खोडी काढावीशी वाटते ती पुढेच. चिन्ह हे नुसते चित्र नसते; त्याला नाव असते. प्रचारात चित्र थोडे दिसते आणि नाव फार ऐकू येते. रिक्षावरच्या कर्ण्यातून दिवसभर 'कपबशी, कपबशी' कानावर पडते आणि मतदानाच्या खोलीत डोळ्यांनी ती शोधायची असते. म्हणजे कानातला शब्द आणि डोळ्यांपुढची रेघ यांची गाठ त्या एका क्षणी पडली पाहिजे. ती चुकली तर?

ती चुकल्याची बोलकी हकिकत आपल्याच राज्यात २०२४ साली घडली. राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडल्यावर शरद पवार यांच्या पक्षाला फेब्रुवारीत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले. मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट हे विलायती वाद्य आधीच होते आणि मराठीत त्याचे नाव होते 'तुतारी'. चित्रे दोन, अगदी भिन्न. एकात फेटेवाला माणूस आणि वळणदार शिंग, दुसऱ्यात नुसते बँडमधले वाद्य. पण शब्द एकच! लोकांनी त्या दुसऱ्याला 'पिपाणी' म्हणून वेगळे काढले खरे, पण यंत्रावर छापलेल्या चित्राखाली लोकांचा शब्द नसतो. सातारा लोकसभा मतदारसंघात उदयनराजे भोसले यांनी शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. दिंडोरीत तर याच चिन्हाच्या अपक्षाने लाखाच्या वर मते घेतली, तरी तिथे पवारांच्या पक्षाचाच उमेदवार निवडून आला. आता ही सारी मते गोंधळानेच पडली असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि कोण जिंकायला हवे होते हा माझा विषयही नाही. मतदाराला जे द्यायचे होते ते त्याच्या बोटाने दिले गेले की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. त्या पक्षाने पुढे आपले चित्र यंत्रावर बारीक दिसते अशी तक्रार केली आणि विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी नवे, ठळक रेखाटन आयोगाकडून मान्य करून घेतले. म्हणजे रेघ जाड करून झाली. पण पहिली ठेच रेघेची नव्हती, भाषांतराची होती.

असेच भांडण तेलंगणात उलट्या बाजूने झाले. तिथे मोटार हे चिन्ह असलेल्या पक्षाची तक्रार अशी की, रोडरोलर आणि असलीच काही चिन्हे यंत्रावर मोटारीसारखी दिसतात. तिथे नावे अगदी भिन्न, पण बाह्याकृती जवळची. साताऱ्यात आकृती भिन्न, नाव एक. दोन्ही मिळून एकच धडा : चिन्हाला दोन कान असतात, एक रेघेचा नि एक शब्दाचा, आणि दोन्ही शाबूत लागतात.

नाव आहे पण वस्तूच नाही, असाही एक प्रसंग आयोगावर आला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आला. 'कोणीही नाही'चे चित्र कसे काढायचे? रिकामी चौकट काढली तर छापायचे राहून गेले असे वाटेल. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने २०१५ साली ते सोडवले : एक मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली. नकारालाही हाताला लागेल अशी वस्तू शोधावी लागली, तेव्हा कुठे तो दिसू लागला.

आणखी एक मौज आहे. वस्तू मरतात, चित्रे मागे राहतात. निघोज्यातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मोटारीत बसा. तेलाचा दाब कमी झाला की चालकापुढे लांब चोचीची एक तेलाची बुधली लाल पेटते. तसली बुधली आता गॅरेजातही क्वचित दिसते. आमच्या वर्गातल्या पोरांना ती अल्लाउद्दिनचा दिवा वाटते. तरी सारे जग ती ओळखते, कारण आंतरराष्ट्रीय मानकाने ती ठरवून दिली आहे आणि चालक ती शिकून घेतो. निवडणुकीच्या चिन्हाला ही सवलत नाही. मतदाराने चिन्ह शिकून येणे अपेक्षित नसते. चिन्हाने मतदाराच्या घरातून यायचे असते. टाइपरायटर, ग्रामोफोन ज्याने कधी पाहिलाच नाही अशा अठरा वर्षांच्या पोराला ते अनोळखी, आणि पेन ड्राइव्ह म्हणजे काय ते आमच्या आजींना विचारा! आजी म्हणतील, ही काडेपेटी.

यावर कुणी सुशिक्षित गृहस्थ म्हणतील, 'अहो, आता लोक लिहा-वाचायला शिकले. २०११ च्या जनगणनेत साक्षरता शेकडा त्र्याहत्तर झाली. उमेदवाराचा फोटोही यंत्रावर येतो. मग ही बालवाडीची चित्रे कशाला?' या गृहस्थांनी गावच्या निवडणुकीची एखादी उमेदवारयादी वाचावी. भावकीतले चौघे उभे, आडनाव एक, दोघांची तर नावेही एक. वाचता येते म्हणून काय झाले? शिवाय म्हाताऱ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि कामासाठी परप्रांतातून येऊन इथेच नाव नोंदवलेल्या माणसाला आपली लिपी ठरून येत नाही. त्या आडोशामागे माणूस एकटा असतो. कुणाला विचारायची सोय नाही, आणि नसावीच. साधे चित्र आहे म्हणूनच त्याला कुणाचे बोट धरावे लागत नाही. गुप्त मतदानाचा अर्धा भार त्या चार रेघा उचलतात, आणि ग्रामपंचायतीत तर एकदोन मतांनी निकाल फिरतो.

म्हणून माझी दोन मागणी आहेत, आणि ती केवळ मास्तरकीची नव्हेत. एक, सेठींची रिकामी खुर्ची भरावी; दिल्लीत आणि आपल्या राज्य निवडणूक आयोगातही, वस्तूचा कान ओळखणारा एक चित्रकार असावा, आणि ज्या वस्तू लोकांच्या घरातून गेल्या त्या यादीतूनही सन्मानाने जाव्यात. दोन, यादीतल्या चिन्हाचे मराठी नाव कोशात पाहून ठरवू नये. चित्र घेऊन एखाद्या गावात जावे, ओट्यावर बसलेल्या चारचौघांना दाखवावे आणि फक्त एवढेच विचारावे, 'हे काय आहे?' चौघांनी जो शब्द उच्चारला तो लिहून घ्यावा. चौघांनी चार शब्द सांगितले तर चित्र पुन्हा काढावे. या चाचणीला ना समिती लागते, ना मोठा खर्च. एक दुपार पुरते, आणि चहा गाववाले पाजतात.